एकाच शोरूममध्ये दोन स्कॉर्पिओ

जून २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाजारात आली. बरोबर वीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच नावाची पण सर्वस्वी वेगळी गाडी आली, स्कॉर्पिओ-एन. नवी आली की जुनी बंद, हा वाहनधंद्याचा रिवाज. इथे तो मोडला. जुन्या गाडीला ‘क्लासिक’ हे बिरुद लावून घरातच ठेवून घेतले, आणि एका स्वयंपाकघरात सासू-सून नांदाव्यात तशा या दोघी महिंद्राच्या शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एक नाशिकच्या कारखान्यातली, दुसरी चाकणच्या. जुनी एसयूव्ही चांगली की नवी, हा वाद चहाच्या टपरीवर नेहमीच रंगतो. पण दोन्ही कोऱ्या, दोन्ही एका छताखाली आणि दोन्हींच्या किमतीचे कागद हातात, अशी तुलनेची सोय क्वचित मिळते.

अशा शोरूममध्ये थोडा वेळ रेंगाळले की एक दृश्य हमखास दिसते. गावाकडून आलेले वडीलधारे गृहस्थ नव्या गाडीच्या दारावर टिचकी मारतात, मग जुनीच्या दारावर मारतात आणि मुलाकडे पाहून मान हलवतात. आता पूर्वीसारखा पत्रा राहिला नाही, हा त्यांचा निकाल. मुलगा तोवर नवीच्या मोठ्या पडद्यावर बोट फिरवण्यात दंग असतो. दोघांनीही चुकीच्या जागी बोट लावले आहे, असे आमचे मत आहे.

स्कॉर्पिओ हे एक उदाहरण. टाटांची सफारी १९९८ची. तेच नाव २०२१ मध्ये दुसऱ्याच गाडीला मिळाले. १९९१ची सिएरा बंद पडून दोन दशके लोटली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती परतली, मागच्या मोठ्या काचेची आठवण सांगणारा चेहरामोहरा घेऊन. थार २०१०ची वेगळी, २०२०ची वेगळी. नाव तेच राहते, कारण त्यात ग्राहकाचे बालपण अडकलेले असते. खालचे यंत्र मात्र बदललेले असते, आणि तेही थोडेथोडके नव्हे.

जुनी एसयूव्ही मुळात हौसेची गाडी नव्हती. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात झाली आणि पुढे त्याच वंशाच्या जीप, कमांडर, मार्शल, अरमाडा महाराष्ट्राच्या आडवाटांवर पसरल्या. एसटी जिथे दिवसातून दोनदा जाई, तिथे साताऱ्या-सांगलीकडे वडाप आणि मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी चाले. नऊ जणांच्या गाडीत अठरा, शिवाय टपावर भाजीच्या पाट्या आणि मागच्या पायरीवर लटकलेला क्लीनर. १९९४ मध्ये सुमो आली. पुष्कळांना ते नाव जपानी पैलवानावरून घेतले असे वाटते. प्रत्यक्षात ते टाटांच्या टेल्कोची उभारणी करणाऱ्या सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या रोमन आद्याक्षरांतून घेतले आहे. सुमोचे मोठेपण ओझे वाहण्यात होते. वऱ्हाड, पेशंट, खताची पोती, निवडणुकीतले कार्यकर्ते, सगळे तिने ओढले.

ओझे वाहायचे तर कणा ट्रकसारखा हवा. म्हणून या गाड्या चेसिसवाल्या. दोन जाड पोलादी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे जमिनीला समांतर ठेवलेली एक शिडीच. इंजिन, गिअरबॉक्स, चाके सगळे त्या शिडीला आणि वरची बॉडी बोल्टने आवळलेली. बहुतेकींना मागे ट्रकसारखे पाटे. रिकामी गाडी खड्ड्यात आपटली की मणके खिळखिळे होत, आणि भरलेली गाडी झोकात जाई. गाडी सडली तर बॉडी बदलता येई, चेसिस तीच.

शहरी एसयूव्हीने हा कणा सोडून दिला. २०१२ची डस्टर, २०१५ची क्रेटा आणि त्यानंतरचा बहुतेक सगळा ताफा मोनोकॉक बांधणीचा आहे. यात वेगळी चेसिस नसतेच. तळ, खांब, छप्पर आणि दारांच्या चौकटी मिळून एकच पेटी, आणि ती पेटीच भार पेलते. २०२१ची सफारीही अशीच. तिचे इंजिन जवळजवळ १७० अश्वशक्तीचे आहे, पहिल्या सफारीच्या सुमारे दुप्पट; पण ते फक्त पुढची चाके फिरवते. जिच्या आईने फोर-बाय-फोरच्या जोरावर नाव कमावले, ती लेक आता डांबरावर सुखी आहे. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या सफारीवाल्यांतल्या किती जणांनी चार चाकांचा तो लिव्हर वर्षातून एकदा तरी ओढला असेल? स्कॉर्पिओ-एन आणि थार यांनी चेसिस राखली आहे, पण त्यांचीही शिडी नव्याने आखलेली आहे. मागे पाटे नाहीत, स्प्रिंगा आहेत.

आता टिचकीकडे येऊ. दारावरचा बाहेरचा पत्रा हा गाडीचा अंगरखा. तो जाड असला तर पार्किंगमध्ये पोचा कमी पडेल, एवढाच त्याचा उपयोग. जीव वाचतो तो आतल्या हाडांमुळे, आणि ती टिचकीने कळत नाहीत. धडक म्हणजे गाडीच्या अंगातला वेग काही क्षणांत कुठेतरी जिरवणे. नाक ठरवल्याप्रमाणे चुरडले तर बराचसा वेग तिथेच जिरतो. नाक ताठच राहिले तर गाडी ‘मजबूत’ दिसते आणि उरलेला सगळा धक्का आतल्या माणसाच्या छातीला, मानेला आणि गुडघ्यांना बसतो. अपघातानंतर ‘बंपरला फक्त ओरखडा, पण ड्रायव्हर गेला’ असे आपण ऐकतो आणि ते नशिबावर ढकलतो.

ग्लोबल एनकॅप या संस्थेने मे २०१६ मध्ये काही भारतीय गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. त्यात एअरबॅग नसलेली तेव्हाची स्कॉर्पिओ होती. प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच संस्थेने स्कॉर्पिओ-एन तपासली, तेव्हा प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे आले. पुढे जुनीलाही दोन एअरबॅग बसल्या, तेव्हा २०१६चा निकाल आजच्या क्लासिकला जसाच्या तसा चिकटवणे अन्यायाचे होईल. पण शून्य आणि पाच यांतले अंतर केवळ दोन फुग्यांनी भरून निघत नाही. ‘भारत एनकॅप’ ही आपली सरकारी पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि तिच्या पहिल्याच निकालात सफारी आणि हॅरियर यांना पाच तारे मिळाले. ही सुधारणा कंपन्यांना आपणहून सुचली असे समजण्याचे कारण नाही. नव्या मॉडेलांसाठी ऑक्टोबर २०१७ पासून धडक-चाचणी सक्तीची झाली, एप्रिल २०१९ पर्यंत एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आली. कायद्याने काठी उगारली आणि गाडी हलली.

जुन्या सवयी मात्र नव्या गाडीलाही चिकटतात. घेतल्याबरोबर पुढे जाड नळ्यांचा बुलबार ठोकायचा, ही त्यांतली एक. नाक कुठे आणि किती चुरडावे याचे गणित कंपनीने मांडलेले असते. धडकेची जाणीव एअरबॅगला कधी व्हावी हेही त्यातच येते. चार हजारांचा बुलबार ते गणित उधळतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितले. तरीही तो दिसतो, आणि त्याच्या मागच्या काचेवर पदाचे नाव असले तर जास्तच ठसठशीत दिसतो.

सुरक्षेपुरता निकाल स्पष्ट असला तरी त्याला एक पोटकलम आहे. जुनी गाडी वेग सांगत असे. सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरे, काच खडखडे, वळणावर अंग झुके. नव्या गाडीत शंभरला एसीची झुळूक तेवढी ऐकू येते. घसरायला लागली तर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला रांगेत आणते, आणि आपले काही चुकत होते हे ड्रायव्हरला कळतही नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तिथे भीती न दाखवणारी गाडी आणि पहाटे दोनची झोप एकत्र आली की पाच तारेही हात टेकतात. मागच्या सीटवर पट्टा न लावणे ही तर आपली जुनीच खोड. पट्टा नसेल तर एअरबॅग अर्धीमुर्धीच कामाची, हे अजून आपल्या पचनी पडलेले नाही.

आणि धूर. घाटात वडापच्या मागे अडकलेल्यांना तो काळा लोट आठवत असेल. डिझेल मोटारींच्या धुराच्या बीएस-४ मर्यादेवरून एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मर्यादेवर येताना नायट्रोजन ऑक्साइडची परवानगी जवळजवळ ७० टक्क्यांनी आणि काजळीच्या कणांची सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. हा फायदा गाडी घेणाऱ्याला जाणवत नाही. मागून स्कूटरवर येणाऱ्याला जाणवतो.

इथवर पारडे नवीकडे झुकले आहे. आता गॅरेजमध्ये जाऊ.

तालुक्याच्या गावाबाहेर, पिंपळाखाली किंवा वीजमंडळाच्या खांबाशेजारी एक शेड असते. काळपट जमीन, भिंतीवर क्रमाने टांगलेले पाने, एका कोपऱ्यात उलटे ठेवलेले पाटे. जुन्या सुमो-बोलेरोचा सगळा इलाज इथे व्हायचा. पाटा तुटला? जॅक लावा, यू-बोल्ट सोडा, तुटलेले पान काढून दुसरे घाला, संध्याकाळी गाडी वाटेला. सेल्फ उचलत नाही? उतारावर ढकलून चालू करा. नोझल खराब आहे हे मिस्त्री आवाजावरून सांगे आणि ते बहुधा खरे निघे. गाडी पाच लाख किलोमीटर चालली असे मालक छातीवर हात ठेवून सांगतात, तेव्हा त्या आकड्यात निम्मे श्रेय या शेडचे असते.

नव्या गाडीचे दुखणे आवाजात येत नाही, पडद्यावर दिवा होऊन येते. चेक लाइट लागली की मिस्त्रीच्या हातात स्कॅनर हवा, स्कॅनरमध्ये त्या कंपनीचे सॉफ्टवेअर हवे, आणि नवा सुटा भाग बसवल्यावर गाडीच्या संगणकाने तो ‘ओळखायला’ हवा. काच फुटण्याचेच पाहा. जुनी काच म्हणजे रबर आणि मापाची काच, दोन तासांचे काम. ज्या नव्या गाड्यांत समोरचा रस्ता वाचून आपोआप ब्रेक लावणारी सोय आहे, त्यांचा कॅमेरा आरशामागे काचेला चिकटून बसतो. काच बदलली की कॅमेऱ्याची नजर नव्याने जुळवावी लागते, त्यासाठी ठरावीक अंतरावर ठरावीक फलक उभा करावा लागतो. ती नजर थोडी चुकली तर गाडी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारील किंवा मारायला हवा तिथे मारणार नाही.

बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. काजळी साचली की ती जाळून टाकण्यासाठी गाडी काही मिनिटे हमरस्त्याच्या वेगाने पळावी लागते. शाळा, भाजी, बँक असा दोन-दोन किलोमीटरांचा फेरा ज्यांचा आहे, त्यांच्या गाडीला ती उसंत मिळत नाही. जाळी तुंबते, इंजिनाचा जोर गळतो आणि मालक ‘नवी गाडी असून ही तऱ्हा’ म्हणून वैतागतो. काहींना डिझेलशिवाय वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावणही भरावे लागते. ते संपले तर गाडी पुन्हा सुरू होत नाही. विकताना हे समजावून सांगणारा माणूस भेटला तर भाग्यच म्हणायचे. ‘ॲव्हरेज किती देते’ हा एकच प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाचाही थोडा दोष आहे.

म्हणून ‘जुनी गाडी टिकाऊ होती’ या तक्रारीत तथ्य आहे, पण जरा वेगळ्या अर्थाने. नवे भाग कमी झिजतात, गंज कमी धरतात, ऑइलही उशिरा बदलावे लागते. कमी झाली आहे ती मालकाची मुखत्यारी. गाडी त्याची आणि चावी कंपनीची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, असा ठपका होता. प्रकरण अपिलात गेले. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाअखेर संकेतस्थळही सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. संकेतस्थळ आहे, तालुक्याच्या शेडमध्ये स्कॅनरची चावी अजून पोचायची आहे. आमच्या मते नव्या एसयूव्हीवरचा सर्वांत खरा आक्षेप हाच, आणि तो यंत्रावरचा नसून व्यवहारावरचा आहे.

दुसरा आक्षेप गाडीत न बसणाऱ्यांचा. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत ७४ हजार ८९७ दुचाकीवरची आणि ३२ हजार ८२५ पायी चालणारी. म्हणजे दर पाच मृतांत तीनांहून अधिक जण असे, ज्यांच्याभोवती ना पत्रा ना एअरबॅग. एनकॅपचे तारे कोणाचे मोजले जातात? आत बसलेल्यांचे. पादचाऱ्यांबाबतचा किमान नियम पाळणे ही भारत एनकॅपमध्ये तीन आणि वरच्या ताऱ्यांसाठी अट आहे हे खरे, पण बाहेरच्या माणसाच्या नावाने वेगळा तारा नाही.

जुन्या गाड्या काही नाजूक नाकाच्या नव्हत्या. जुनी स्कॉर्पिओ तर नवीपेक्षा उंच आहे. पण तेव्हा शंभर मोटारींत अशा मोजक्या असत. २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या दर शंभर प्रवासी मोटारींत सुमारे ६५ ‘युटिलिटी व्हेइकल’ या वर्गातल्या होत्या. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये सुमारे १८ हजार पादचारी-अपघात तपासून दाखवले की, चाळीस इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिली तर मृत्यूची शक्यता तीस इंचांच्या आतल्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. बुटकी मोटार पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच नाक छातीला लागते, लहान मुलाच्या थेट डोक्याला, आणि माणूस खाली जातो. त्यात नव्या गाड्यांचे काचेशेजारचे खांब जाड झाले आहेत, कारण गाडी उलटली तर छप्पर त्यांनी तोलायचे असते. खिडक्यांची खालची कडही वर चढली आहे. जुन्या सुमोत बसले की चारी बाजूंचे शेत दिसे. नवीत कॅमेरा दाखवील तेवढे.

रुंदीचेही तसेच. क्लासिक १८२० मिलिमीटर, एन १९१७. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटरची जागा धरली आहे. त्यात एन मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना जेमतेम २९ सेंटिमीटर राहतात, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटे. तेवढ्या फटीतून आजींना उतरवून दाखवावे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून जी भांडणे होतात, त्यांचे मूळ शेजाऱ्याच्या स्वभावात कमी आणि या गणितात जास्त आहे.

बरे, एसयूव्ही कशाला म्हणायचे हेही आता कारखान्यात कमी आणि करखात्यात जास्त ठरते. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने चार मीटरांहून लांब, १५०० सीसीहून मोठे इंजिन आणि तळाची जमिनीपासून १७० मिलिमीटर किंवा अधिक उंची अशी खूण ठरवली. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० आणि चार मीटरांच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना १८ टक्के कर आहे. त्यामुळे बाजारात ‘एसयूव्ही’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गाड्या म्हणजे टाचा उंच केलेल्या हॅचबॅक. त्या वाईट नाहीत. फक्त त्यांच्याकडून वडापचे काम मागू नये.

आमचा कौल असा. घरच्या माणसांना घेऊन महामार्गावर जायचे असेल तर नवीच घ्यावी. पत्र्याच्या आठवणीपोटी जुनीचा हट्ट धरू नये. जिथे सर्व्हिस सेंटर ऐंशी किलोमीटरवर आहे आणि गाडी रोज ओझे वाहते, तिथे साधी, चेसिसची, तालुक्यात दुरुस्त होणारी गाडी निवडणाऱ्याला कोणी मागासलेला म्हणू नये. सरकारने बाहेरच्या गॅरेजांना दोषशोधाची साधने रास्त दरात मिळतील असा नियम करावा आणि ताऱ्यांच्या हिशेबात पायी चालणाऱ्याला वेगळे गुण द्यावेत.

आणि शोरूममध्ये जाल तेव्हा टिचकी मारू नका, पडद्यावरही लगेच बोट ठेवू नका. इंजिन बंद असताना घरातले सहा-सात वर्षांचे मूल बॉनेटच्या पुढ्यात उभे करा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि ते किती दिसते ते पाहा.